तुकडा आधी, गोळी नंतर

प्रश्न: माझे मिस्टर ३४ वर्षांचे आहेत, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काम करतात. सात महिन्यांपूर्वी लूमच्या फ्रेमला उजवा गुडघा आपटला, तेव्हापासून सूज आहे. दोनदा गुडघ्यातलं पाणी काढलं, ते तपासायला कुठं पाठवलं नाही. एकदा आत इंजेक्शन दिलं. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता पाय पूर्ण सरळ होत नाही, जेवायला मांडी घालून बसता येत नाही, मांडी बारीक झालीये, वजन ४७ किलोवर आलंय. खोकला अजिबात नाही, छातीचा एक्स-रेही चांगला आला. एमआरआय बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, टीबी वाटतोय, दुर्बिणीतून तुकडा काढून तपासू. दुसरे डॉक्टर म्हणतात, तुकड्याचा खर्च कशाला, हातावरची मॅन्टू (टीबीची कातडीत सुई टोचून करायची चाचणी) १८ मिलिमीटर आलीये, सरळ गोळ्या चालू करा. सासूबाईंचं म्हणणं, हे माराचं दुखणं आहे, टीबी असता तर खोकला असता. त्यांना स्वतःला चार-पाच महिन्यांपासून खोकला आहे, पण तो विड्या वळताना उडणाऱ्या तंबाखूचा. चार वर्षांच्या मुलीला मी बाबांजवळ झोपू देत नाही, ती हल्ली आजीजवळ झोपते. ताट-पेलाही वेगळा केलाय. गोळ्या चालू कराव्यात का? आणि गुडघा पुन्हा वाकेल का?
— एक वाचक, सोलापूर

ताई,

गोळ्या अजून चालू करू नका. आधी गुडघ्याच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून घ्या, आणि तो दोन वेगवेगळ्या बाटल्यांत जातोय का हे त्या दिवशी स्वतः विचारा. या दोन बाटल्यांचं काय ते खाली सविस्तर लिहितो, कारण आजार ओळखण्यातला सगळ्यात मोठा घोळ तिथंच होतो.

आधी खोकल्याचं. टीबीचे जंतू बहुतेक वेळा श्वासावाटे फुफ्फुसातच शिरतात, पण तिथं आजार न करता रक्तातून हाडापर्यंत जाऊन वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतात. पुढं कधी अंगातली ताकद कमी झाली की ते डोकं वर काढतात. म्हणून हाडा-सांध्याच्या टीबीत जवळजवळ निम्म्या रुग्णांचा छातीचा एक्स-रे स्वच्छ असतो. संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घामही सगळ्यांना येतोच असं नाही. एकूण हाडांच्या टीबीपैकी साधारण निम्मा मणक्यात होतो, त्याखालोखाल खुबा, मग गुडघा. लूमच्या फ्रेमचा मार हा बहुतेक वेळा निमित्त असतो. मार लागला म्हणून गुडघ्याकडं लक्ष गेलं, एवढंच. नुसत्या माराची सूज सहसा सात महिने टिकत नाही आणि तिनं वजनही उतरत नाही.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी टीबीकडं बोट दाखवतात. एक, एकाच सांध्यात महिनोन्महिने सूज. दोन, मांडी बारीक होणं. घरात शिंप्याची टेप असेल तर दोन्ही पाय होतील तेवढे सरळ ठेवून, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंटिमीटर वर खूण करून घेर मोजा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लिहून ठेवा. पुढं दर महिन्याला हाच आकडा तुम्हाला सांगेल की गाडी रुळावर आहे की नाही. तीन, आतल्या इंजेक्शननं पंधरा दिवस आराम पडून दुखणं परत येणं. सांध्यात देतात ते इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचं असतं. त्यानं सूज दबते, पण त्या जागेची जंतूंशी लढायची ताकदही दबते. संधिवात असेल तर ते योग्य औषध आहे. टीबी असेल तर आगीवर ताडपत्री टाकल्यासारखं. आता पुन्हा ते घेऊ नका. दोनदा काढलेलं पाणी न तपासता टाकून दिलं ही खरी चूक. गुडघ्यातून निघालेला प्रत्येक थेंब तपासायलाच गेला पाहिजे.

आता चाचण्या. मॅन्टू १८ मिलिमीटर याचा अर्थ एवढाच की शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी ओळख झाली आहे. आपल्याकडं मोठ्या माणसांत अशी ओळख फार जणांची असते. गुडघ्यात आज काय चाललंय, हे ती चाचणी सांगूच शकत नाही. ईएसआर (अंगात कुठं दाह आहे का हे दाखवणारी रक्ताची चाचणी) वाढलेला असेल तर तो संधिवातातही वाढतो. रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर आपल्या देशात २०१२ सालीच बंदी आली. कुणी तशी सुचवली तर पैसे वाचवा. एक्स-रेत सांध्याजवळचं हाड विरळ दिसणं, कडेला कुरतडल्यासारखं होणं आणि दोन हाडांमधली फट हळूहळू कमी होणं ही टीबीची ओळखीची खूण, पण ती दिसायला दोन ते पाच महिने जातात. एमआरआय लवकर दाखवतो. तरी सांध्याचं अस्तर सुजलंय आणि हाडात पाणी आहे, यापलीकडं जंतूचं नाव तो सांगत नाही. संधिवात आणि अस्तराच्या काही गाठीही एमआरआयवर बऱ्याचशा अशाच दिसतात.

म्हणून तुकडा. सांध्यातल्या पाण्यापेक्षा अस्तराच्या तुकड्यात जंतू सापडण्याची शक्यता बरीच जास्त. दुर्बिणीनं करतात तेव्हा गुडघ्याला एक सेंटिमीटरच्या आतबाहेरची दोन भोकं पडतात. त्यातून आतली अवस्था डोळ्यांनी दिसते, कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) शाबूत आहे का तेही कळतं, आणि सुजलेलं अस्तर त्याच वेळी खरवडून कमी करता येतं. टाके दहा-बारा दिवसांनी निघतात. डॉक्टरांना सांगा, एकाच जागेचा नको, चार-सहा ठिकाणचे तुकडे घ्या. हाडाच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात, एका जागी नसले तर दुसरीकडं असतील.

आणि आता त्या बाटल्या. एका बाटलीत फॉर्मेलिन असतं. त्यातला तुकडा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, ग्रॅन्युलोमा आणि केसिएशन हे टीबीची खूण सांगणारे शब्द त्या रिपोर्टात येतात का ते बघायचं. दुसऱ्या बाटलीत फक्त निर्जंतुक सलाइन. त्यातला तुकडा सीबीनॅट (यंत्रावर जंतू ओळखायची चाचणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) जातो. फॉर्मेलिन जंतू मारतं, मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीनं सगळा माल एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत पडतो आणि मग महिनाभरानं कळतं की कल्चर पाठवलंच नव्हतं. म्हणून आदल्या दिवशीच विचारून घ्या: ‘सलाइनची बाटली कोण नेणार आणि कुठं द्यायची?’ ती त्याच दिवशी लॅबला पोचली पाहिजे. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

सीबीनॅटचं यंत्र साधारण दोन तासांत दोन गोष्टी सांगतं: टीबीचा जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल का. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही चाचणी मोफत आहे. खाजगीत तुकडा काढला तरी नमुना तिकडं पाठवता येतो, फक्त आधी बोलून ठेवा. नकारात्मक आली म्हणून टीबी नाही असं मात्र धरू नका. द्रव माध्यमातलं कल्चर सहा आठवडे ठेवतात, तेव्हा कुठं ‘नाही’ म्हणता येतं. तेवढं थांबायची गरज नाही. सीबीनॅट किंवा पॅथॉलॉजी, दोहोंपैकी एकानं टीबी दाखवला की गोळ्या चालू. कल्चर मागून येऊ दे, ते औषधं निवडायला उपयोगी पडतं. दोन्ही रिपोर्ट गुळमुळीत आले, तर डॉक्टर एमआरआय, तब्येत आणि रिपोर्ट एकत्र मांडून निर्णय घेतात. तोही चालतो. फक्त तो तुकडा घेतल्यावरचा निर्णय असतो.

‘गोळ्या देऊन बघू, फरक पडला तर टीबी’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण रिफॅम्पिसिन इतर जंतूंवरही चालतं. साधा पू असला तरी थोडा फरक दिसेल, पाय हलवला नाही म्हणूनही दिसेल. आणि तीन महिन्यांनी फरक नाहीच पडला तर? टीबी नव्हता म्हणून, की जंतू औषधाला दाद देत नाही म्हणून, हे कळायला तेव्हा तुकडा काढाल, तर अर्धमेले जंतू कल्चरमध्ये उगवणार नाहीत. याच कारणानं, गेल्या काही आठवड्यांत लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड किंवा अमिकासिन या अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा. ही औषधं टीबीच्या जंतूला अर्धवट झोपवतात. जुनी प्रिस्क्रिप्शनं टाकली नसतील तर सगळी घेऊन जा.

गोळ्या सुरू होण्याआधी लिव्हर, क्रिएटिनिन, साखर आणि एचआयव्ही तपासून घ्या, डोळेही. ‘डोळे कशाला’ असं वाटेल, ते पुढं येतंच.

औषधं चार. आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल, एकाच गोळीत. दोन महिने ही चार, मग पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन, दहा महिने. फुफ्फुसाच्या टीबीचे सहा महिने असतात, हाडाचे एकूण बारा, आणि सुधारणा सावकाश असेल तर अठरापर्यंत. शेजारच्या कुणाचा कोर्स सहा महिन्यांत संपला म्हणून आपला थांबवायचा नाही. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. तुमचे मिस्टर ४७ वर आहेत, म्हणजे तीन. औषध लागू पडलं की भूक लागते, वजन वाढतं, आणि ते पन्नाशी ओलांडतील तेव्हा गोळी वाढते. पण वजन सांगितलंच नाही तर तीनवरच वर्ष जातं. दर महिन्याला वजन करा आणि आकडा डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून वाढवू नका.

तिन्ही गोळ्या एकदम, उपाशीपोटी, खाण्याआधी एक तास. पुढं कामावर गेल्यावर पाळी बदलेल तेव्हा गोंधळ होतो. दोन्ही पाळ्यांत जी वेळ जागेपणी आणि घरी सापडते अशी एकच वेळ धरून ठेवा. पोटात जळजळतं म्हणून सोबत अँटासिड देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. दारू पूर्ण बंद.

पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे. कावीळ मात्र या रंगामागं लपू शकते, म्हणून लघवीकडं न बघता डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडं बघा. डोळे पिवळे, उलट्या, अन्नाचा वास नको इतकी किळस, यातलं काही दिसलं की सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडं. एवढ्या एका कारणासाठीच गोळ्या स्वतःहून थांबवायला परवानगी आहे. हातापायांची आग-मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) मिळतं, बऱ्याचदा ते सुरुवातीपासूनच देतात. पहिल्या दोन महिन्यांत खांदे, घोटे, बोटं दुखली तर ती पायराझिनामाइडनं वाढलेल्या युरिक ॲसिडची करामत असते, टीबी पसरल्याची नाही.

इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर येऊ शकतं, आणि हाडाच्या टीबीत ते वर्षभर चालतं. घरची तपासणी सोपी आहे. महिन्यातून एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर एक डोळा झाकून तारखा वाचायला सांगा, मग दुसरा. रविवारचे लाल आकडे फिके किंवा मातकट दिसायला लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.

एक धोक्याची नसलेली, पण हमखास घाबरवणारी गोष्ट: पहिल्या काही आठवड्यांत सूज कमी होण्याऐवजी कधीकधी वाढते. मेलेल्या जंतूंवर शरीर तुटून पडतं, त्याचा तो परिणाम. हिशोब आठ ते बारा आठवड्यांनी मांडायचा. तोवर रात्रीचं दुखणं, ईएसआर, भूक, मांडीचा घेर यांत काहीच हललं नाही, तर कल्चरचा रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा तुकडा काढायचा का, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा.

आता गुडघा. गोळ्या जंतू मारतात, गुडघा सरळ करत नाहीत. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, म्हणून घरोघरी त्याखाली उशी जाते. ती उशी आजच काढा. त्याच स्थितीत स्नायू आखडतात, मग नडगीचं हाड मागं सरकतं आणि बाहेरच्या बाजूला वळतं. हे वाकडेपण एकदा मुरलं की टीबी बरा होऊनही माणूस लंगडतो. सध्या पाय सरळ होत नाही, त्यासाठी डॉक्टर ट्रॅक्शन, म्हणजे वजनाचा ताण, लावतील. कातडीवरून दोन-तीन किलो वजन, पलंगाचं पायथ्याचं टोक उंच. ते वजन आणि दिशा त्यांनीच ठरवायची, घरी विटा बांधून नाही. मग जवळजवळ सरळ, पाच-दहा अंशांच्या वाकात, प्लास्टरचा स्लॅब किंवा ब्रेस (आधाराचा पट्टा).

दुखणं उतरलं की आपल्या सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी करा. ती टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. गुडघा अधांतरी राहतो. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच ते दहा सेकंद धरायचा, सोडायचा, असं दहा वेळा. जागेपणी दर तासाला. वाकवण्याचा व्यायाम डॉक्टर म्हणतील तेव्हा, साधारण चार-सहा आठवड्यांनी, तासाला पाच-दहा मिनिटं, स्वतःच्या ताकदीनं. दुसऱ्यानं धरून वाकवायचा नाही. मालीश, बिब्बा, डाग, शेक, ओढून-ताणून बांधणं यातलं काहीही नाही. साधारण पहिले तीन महिने कुबड्यांवर, पायावर भार न टाकता, मग एक्स-रे बघून थोडा थोडा. लूमवर दिवसभर उभं राहायचं काम सहा महिने तरी विसरा. मालकाशी बोलून बसून करायचं काही मिळतं का बघा, कांडी भरण्यासारखं.

वाकेल का? ते सांध्यातल्या फटीवर आहे. डॉक्टरांना एक्स-रेवर बोट ठेवून विचारा: ‘फट शाबूत आहे का?’ आजार नुसत्या अस्तरात असेल तर गुडघा जवळजवळ पूर्ववत होतो. कूर्चेला कडेकडेनं धक्का लागला असेल तर निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त हालचाल परत येते. चालणं, जिना, खुर्ची जमेल, पण मांडी घालायला १२०-१३० अंशांपुढं वाक लागतो, तो कदाचित येणार नाही. फट गेलीच असेल तर कडक पण न दुखणारा गुडघा, आणि आजार पूर्ण शांत झाल्यावर पुढं कधी सांधेबदल. सात महिने गेलेत, आणखी दोन घालवू नका.

गुडघ्याजवळ मऊ, न तापलेला फुगवटा आला तर तो थंड गळू. तो घरी दाबायचा नाही आणि कुणी चिरा देतो म्हणालं तर नाही म्हणा. चिरलेली जागा भरत नाही, महिनोन्महिने वाहत राहते. जाड सुईनं, बाजूच्या चांगल्या कातडीतून तिरकं शिरून ओढून घेतात. तो पूही सलाइनच्या बाटलीत.

हे सगळं वाचणाऱ्या इतर आई-बापांसाठी दोन ओळी. लहान मूल लंगडतंय, गुडघा दुखतो म्हणतं आणि गुडघा मात्र धड दिसतोय, तर खुबा तपासा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. झोपेत मधेच किंचाळून उठतं तेही वाईट स्वप्नानं नाही: जागेपणी स्नायू सांधा घट्ट धरून ठेवतात, झोपेत ते सैल पडतात, सांधा हलतो आणि कळ येते.

खर्चाचं बघायचं तर, खाजगी डॉक्टरांनाही टीबीच्या रुग्णाची नोंद करावीच लागते. ती निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) झाली की सरकारी गोळ्या मोफत मिळतात, शिवाय पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेची हजार रुपये झाली आहे, ती थेट बँक खात्यात येते. आधार आणि पासबुक घेऊन महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलच्या क्षयरोग विभागात जा. अडलं तर १८००-११-६६६६ ही मोफत हेल्पलाइन आहे. त्या हजारात अंडी, डाळ, दूध बसवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तर घरात आहेच, ती मुळीच कमी करू नका.

राहिली मुलगी. गुडघ्यातला टीबी श्वासातून पसरत नाही, ताटातून नाही, पांघरुणातून नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे आणि खोकला नाही, म्हणजे वडिलांपासून तिला धोका नाही. वेगळं ताट-पेला आजच बंद करा. पण टीबीच असेल, तर मिस्टरांना हे जंतू कधीतरी बहुधा कुणाच्या तरी खोकल्यातूनच मिळालेत, आणि पत्रात खोकणारं माणूस एकच आहे. दोन आठवड्यांपुढचा कुठलाही खोकला थुंकी तपासल्याशिवाय तंबाखूच्या खात्यावर टाकायचा नसतो. उद्या सकाळी सासूबाईंची थुंकी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या, दोन्ही सरकारीत मोफत होतात. थुंकीत जंतू निघाले, तर पाच वर्षांच्या आतलं मूल म्हणून मुलीची तपासणी होईल. तिला आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध मिळेल. तोपर्यंत तिचं अंथरूण आजीजवळून उचला आणि बाबांजवळ घाला.